लाल गोळी आणि आठचा चहा

गेल्या महिन्यात कल्याणला भाचीकडे चार दिवस राहून आले. तिला सहावा लागलाय. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, ९.२; गरोदरपणात हवं त्या ११च्या बरंच खाली. फाइल माझ्या हातात देत म्हणाली, "मावशी, गोळ्या अगदी न चुकता घेते गं, तरी वाढतच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारण डोळ्यांनीच पाहिलं. आठ वाजता ओट्याशी उभ्या उभ्या कपभर कडक चहा, दोन टोस्ट, लोहाची लाल गोळी आणि तिच्या पाठोपाठ कॅल्शियमची पांढरी. दोन मिनिटांत सगळं उरकलं, पर्स उचलली, निघाली. लोकल चुकायला नको ना!

आता चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि कॅल्शियमही त्याची वाट अडवतं. म्हणजे गोळी पोटात जाते खरी, पण त्यातलं लोह रक्तापर्यंत फारसं पोचतच नाही. दोन-तीन महिने हेच चाललेलं. पोरगी प्रामाणिकपणे गोळ्या खातेय आणि वर "नीट घेत नसशील" हे ऐकूनही घेतेय.

तिचा दवाखाना चांगला चकचकीत आहे हो. फाइलवर गोळ्यांची नावं टाइप केलेली, पुढे १-०-०. पण कशाबरोबर घ्यायची, कशाबरोबर नाही, याबद्दल एक अक्षर नाही. एचबी वाढत नाही म्हणून थेट सलाइनमधून लोह देऊ, असं सुचवलेलं. काहींना ते लागतंच, त्याला माझी ना नाही. पण त्याआधी "गोळी कधी घेतेस गं?" एवढं विचारायला काय जातं?

आणि हे विचारणारी बाई आपल्याच मुंबईत येऊन गेलीय, म्हणून माझी जास्त चिडचिड होते. माझं माहेर लालबागचं. तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर परळची हाफकिन संस्था. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर तिथे आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक भयंकर रक्तक्षय व्हायचा, त्यात कित्येकी दगावायच्या. विल्सबाईंनी आधी काय केलं असेल, तर त्या बायकांच्या ताटात काय असतं ते तपासलं. मग उंदरांवर प्रयोग झाले, माकडांवर झाले, आणि शेवटी मार्माइट, म्हणजे यीस्टचा तो काळा, खारट, स्वस्तातला अर्क दिल्यावर बायकांचं रक्त सुधारायला लागलं. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्यात नेमकं कोणतं द्रव्य आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. दहा वर्षांनी ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून नाव पडलं फॉलिक अॅसिड. आज जगभरच्या गरोदर बायका जी गोळी घेतात, तिची एक मुळी आमच्या गिरणगावात आहे. चाळीत वाढले, पण शाळेत कुणी हे सांगितलं नाही.

फॉलिक अॅसिडवरून आठवलं. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते, आणि ती नीट मिटायला फॉलिक अॅसिड लागतं. तेव्हा तर कित्येकींना पाळी चुकल्याचंही धड कळलेलं नसतं. म्हणून ही गोळी मूल हवंय असं ठरलं की तेव्हापासूनच सुरू करायची असते. आणि आपल्याकडे? तीन महिने कुणाला सांगायचं नाही! भाचीनेही तिसऱ्या महिन्यात पेढे आणि गोळी एकदमच सुरू केली. गुपित ठेवा ना, पण डॉक्टरपासून कशाला?

घरातलंही बोलते, राग मानू नका. सातव्यात डोहाळजेवणाला धनुष्यबाण, झोपाळा, फुलांच्या वाड्या, पन्नास ताटं. त्याच घरात रोज रात्री सगळ्यांचं झाल्यावर ही जेवायला बसते. तोवर मेथीची भाजी तळाशी लागलेली, मग आमटी-भात आणि लोणचं. संकष्टीला साबुदाणा, जो जवळजवळ नुसता स्टार्च. आणि फडताळात शेकडो रुपयांचा चॉकलेटच्या चवीचा प्रोटीनचा डबा, अर्धा खाऊन गठ्ठा झालेला. त्या पैशात महिनाभर अंडी, शेंगदाणे, मटकी, नाचणी आणि शेवग्याचा पाला आला असता. ती अंडी खाते. शुद्ध शाकाहारी असती तर बी-१२ही तपासून घ्या म्हटलं असतं.

तिच्या सासूबाई मात्र फार गोड बाई. त्यांची भीती वेगळीच होती, "लोहाच्या गोळीने मूल काळं होतं म्हणतात." मी म्हटलं, मूल नाही हो, शी काळी होते, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. भाची फस्सकन हसली. तीही त्या काळ्या रंगाला घाबरून मधून मधून गोळी गाळत होती, हे तेव्हा कळलं. "न चुकता" म्हणे!

मग आम्ही तिघींनी बसून वेळा ठरवल्या. कॅल्शियम सकाळी नाश्त्यानंतर. लाल गोळी रात्री जेवण झाल्यावर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर, कारण क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. संध्याकाळचा चहा सहालाच. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी एचबी पाहून लोहाच्या दोन गोळ्या करायला सांगितल्या, दुसरी दुपारच्या डब्यानंतर. (हे मनाने करू नका, डोस ज्याचा त्याचा वेगळा.) आणि ताट? पहिलं तिचं वाढायचं, हे सासूबाईंनी स्वतःच जाहीर केलं.

परवा फोन आला. "मावशी, १०.३!" मागून सासूबाई ओरडत होत्या, "अहो ताई, येताना लिंबं आणा, इथे दहाला दोन झालीत."