७-३८-५५ चा हिशेब आणि ऐकू न आलेलं ‘नाही’

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत, वक्तृत्वाच्या क्लासच्या जाहिरातींत आणि २६ जानेवारी जवळ आली की शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: भाषणाच्या परिणामात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५, म्हणजे ९३ टक्के काम शब्दांवाचून होतं आणि हे ‘विज्ञानाने सिद्ध झालंय’. खाली सल्ल्यांची माळ. आवाज खणखणीत लावा, प्रत्येक मुद्द्याला हातवारे करा, भीती वाटली तर लोकांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे बघा, हाताची घडी घालू नका, बोलण्याआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून विजयी वीरासारखे उभे राहा.

आवाज आणि देहबोली महत्त्वाची आहे, यावर कुणाचा वाद नाही. पण हे आकडे भाषणाचे नाहीतच, आणि त्यांच्या जोरावर दिलेल्या सल्ल्यांपैकी दोन-तीन तर चांगलं भाषण पाडू शकतात.

‘शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’

आकड्यांचं मूळ १९६७ सालात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन प्रयोग केले. पहिल्यात नऊ सुटे इंग्रजी शब्द होते. हनी, डिअर, थँक्स हे गोड. मेबी, रिअली, ओ हे ना गोड ना कडू. डोन्ट, ब्रूट, टेरिबल हे कडू. शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचे आणि ऐकणाऱ्याने ठरवायचं, की बोलणारीच्या मनात समोरच्याबद्दल आपुलकी आहे की नाराजी. दुसऱ्या प्रयोगात शब्द एकच, ‘मेबी’. तो तीन सुरांत ऐकवला आणि जोडीला चेहऱ्याचे फोटो दाखवले. उत्तरं देणाऱ्या ३७ विद्यार्थिनी होत्या. चेहऱ्याचं वजन आवाजाच्या साधारण दीडपट निघालं. मग दोन्ही प्रयोगांचे निकाल एकमेकांना जोडून ७-३८-५५ हे सूत्र मांडलं गेलं.

म्हणजे शब्द, आवाज आणि चेहरा हे तिन्ही एकाच प्रयोगात कधी तपासलेच नव्हते. ५५ टक्के आहेत ते चेहऱ्याच्या फोटोंचे. हातवारे, उभं राहणं, चालणं यांचा त्यात संबंध नाही. भाषण तर दूरच, एक पूर्ण वाक्यसुद्धा कुणी बोललं नव्हतं. तपासलं गेलं ते एवढंच: शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, तर बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही हे माणूस कशावरून ओळखतो?

मराठीत हा प्रयोग घरीच करता येतो. ‘बरं’ हा शब्द घ्या. तुटक आणि खालच्या पट्टीत म्हटला तर विषय संपला. शेवट वर उचलला तर ‘पुढे सांग’. लांबवून, मान हलवत म्हटला तर ‘बघून घेईन’. इथे शब्दाचा वाटा खरंच नगण्य आहे, कारण ‘बरं’ला स्वतःचा असा अर्थच फारसा नाही. आता ‘पाणीपट्टी १,८०० वरून २,४०० रुपये होणार’ हे वाक्य घ्या आणि यातले ९३ टक्के चेहऱ्याने सांगून बघा. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांना तर चेहराही नाही, तरी त्या कळतात.

खुद्द मेहराबियन यांनीच पुढे स्पष्ट केलं, की बोलणारा स्वतःच्या भावना किंवा आवड-नावड सांगत नसेल, तर ही समीकरणं लागू होत नाहीत. फिरणाऱ्या मजकुरात हा खुलासा नसतो.

मराठी वक्त्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. इंग्रजी शिकवण्यांमध्ये एक ठरलेला सराव असतो: एकच वाक्य, दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर, आणि दर वेळी अर्थ वेगळा. आपल्याकडे त्यातलं बरंचसं काम शब्दच करतात. ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’ हे वाक्य बघा. ‘मीच त्याला पैसे दिले नाहीत’, ‘मी त्यालाच पैसे दिले नाहीत’, ‘मी त्याला पैसेच दिले नाहीत’. एक ‘च’ सरकला की आरोप एकावरून उठून दुसऱ्यावर बसतो. ही, सुद्धा, मात्र, तर यांचंही तेच. म्हणून मजकूर हातात आल्यावर आधी हे शब्द शोधून अधोरेखित करावेत आणि जोर तिथेच द्यावा. होतं असं, की लेखात ‘गावानेच’ असतं आणि वक्ता जोर देतो ‘अत्यंत’, ‘प्रचंड’ या विशेषणांवर. कान एकीकडे जातो, वाक्य दुसरीकडे. आणि एका परिच्छेदात चार ‘च’ असतील तर तीन काढून टाका. चौघांवर जोर म्हणजे कुणावरच नाही.

‘आवाज खणखणीत लावा’

आवाज पोहोचला पाहिजे हे बरोबर. पण आवाज नेमका कुठे हरवतो, हे या सल्ल्याला ठाऊक नाही. सुरुवातीचा ‘सन्माननीय व्यासपीठ’ शेवटच्या रांगेपर्यंत जातो. हरवतो तो वाक्याचा शेवट. श्वास संपत आला की फुप्फुसातला दाब उतरतो, त्याबरोबर पट्टी उतरते आणि आवाज विरतो. हे सगळ्याच भाषांत होतं. पण मराठीत क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही मागे. इंग्रजीत ‘नॉट’ बहुधा वाक्याच्या पूर्वार्धातच येऊन जातो, तेव्हा श्वास भरलेला असतो. आपला ‘नाही’ नेमका रिकाम्या छातीच्या वाट्याला येतो.

सोसायटीच्या सभेतलं हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा: ‘ठेकेदाराने सांगितलेला खर्च आपल्या शिल्लक निधीतून भागेल असं लेखापरीक्षकांना वाटत नाही.’ मागे बसलेल्याला ‘लेखापरीक्षकांना’पर्यंत ऐकू येतं. खर्च भागेल, असं समजून तो हात वर करतो. सात टक्क्यांमधला एक शब्द गेला आणि ठराव उलटा झाला.

इथे ओरडून उपयोग नाही. ओरडल्याने पहिले शब्द आणखी मोठे होतात आणि श्वास आणखी लवकर संपतो. इलाज कागदावर करायचा असतो. पहिली गोष्ट, वाक्य तोडा: ‘लेखापरीक्षकांचं मत वेगळं आहे. हा खर्च शिल्लक निधीतून भागणार नाही.’ दुसरी, वाक्य तोडता येत नसेल तर शेवटच्या तीन-चार शब्दांआधी तिरकी रेघ मारा आणि तिथे श्वास घ्या. तोंड किंचित उघडं ठेवून घेतला, तर नाकाने सूं करून घेतल्यासारखा तो माइकवर ऐकू येत नाही. तिसरी, क्रियापदाखाली रेघ ओढा. जोर नको, फक्त ते पडू द्यायचं नाही. मग फोन रेकॉर्डिंगवर टाकून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, वाचा, आणि ऐकताना फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द तपासा. दहापैकी तीन-चार शब्द पुसट वाटले, तर तालीम बंद करून पुन्हा संपादनाला बसा. गडबड लेखनातच आहे.

ओरडण्याचा दुसरा तोटा सभागृहामुळे होतो. मंगल कार्यालयात फरशी, काच, पत्रा, सगळंच कडक. तिथे आवाज घुमतो आणि आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर येऊन बसते. आवाज वाढवला की शेपटीही वाढते. अशा जागी आवाज तेवढाच ठेवून वाक्यखंडांमध्ये थांबा वाढवावा लागतो. आकड्यांना तर हवाच. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सात आणि साठ हे घुमणाऱ्या हॉलमध्ये जुळे भाऊ आहेत. आकडा म्हणा, मनात ‘एक-दोन’ मोजा, मग पुढे जा. गरज असेल तर ‘सात, म्हणजे दहाला तीन कमी’ असं सरळ फोडून सांगा, कुणी हसत नाही.

आणि माइक आहे तर ओरडायचं कशाला? पोडियमवरच्या वाकणाऱ्या दांडीच्या माइकपासून तोंड जेमतेम एक वीत दूर असावं. हातातला माइक तीन-चार बोटांवर, हनुवटीच्या किंचित खाली आणि तिरका. अगदी समोर धरला तर प, फ, ब, भ यांचा वारा थेट जाळीवर आदळून ‘भप्प’ होतं. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणून मान वळली की हातही वळला पाहिजे. जाळीचा गोळा मुठीत धरण्याची खोड गाणाऱ्यांकडून आली असावी. तसं धरलं की माइकला समोरचा आणि बाजूचा आवाज वेगळा काढता येत नाही, स्पीकरचाच आवाज परत आत शिरतो आणि शिट्टी सुरू होते. दोष मात्र साऊंडवाल्याला दिला जातो.

वेगाबद्दल ‘मिनिटाला १५० शब्द’ हा आकडाही इंग्रजीतून जसाच्या तसा आलेला आहे. आपला ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एक शब्द इंग्रजीत पाच-सहा होतो. शब्द मोजू नका, घड्याळ लावा: पाच मिनिटं मिळाली असतील, तर थांब्यांसकट वाचून साडेचार मिनिटांत संपेल एवढाच मजकूर ठेवा.

‘प्रत्येक मुद्द्याला हातवारे करा’

हातवाऱ्यांनी समजायला मदत होते, हे खरं. या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा २०११ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यातही मदत दिसली, पण मध्यम प्रमाणात. हालचाल दाखवणाऱ्या विषयात ती जास्त होती, अमूर्त विषयात कमी. कालव्याचं वळण हाताने दाखवा, लोकांना चित्र दिसेल. ‘स्वातंत्र्य’ हाताने दाखवायला गेलात तर नुसता हात दिसेल.

शाळेच्या स्पर्धांत बसवलेले हातवारे खोटे का वाटतात, याचं कारण वेळेत आहे. सहज बोलताना हात शब्दाच्या किंचित आधी किंवा त्याच्यासोबत हलतो. पाठ केलेल्या भाषणात आधी ‘आकाश’ येतं, मग आठवण येते, मग हात वर जातो. पाव सेकंदाचा उशीर, पण डोळा तो पकडतो. मुलांना हातवारे शिकवू नयेत. हात पोटासमोर सैल ठेवायला सांगावं, कागदाची गुंडाळी आणि पेन काढून घ्यावं, बाकी हात आपोआप करतात.

‘मागच्या भिंतीकडे बघा’

हा सगळ्यात वाईट सल्ला. नजर वर गेली की हनुवटी वर जाते, गळा ताणला जातो, आवाज पातळ होतो आणि तोंड माइकच्या रेषेतून निसटतं. एका माणसाकडे एक वाक्य संपेपर्यंत बघा, पुढचं वाक्य तिरप्या दिशेच्या दुसऱ्या माणसाला. एखादा मान हलवणारा सापडतोच. पण भाषणभर त्याच्याच मागे लागू नका, बिचारा अवघडतो. अध्यक्षांना उद्देशून बोलताना अर्धं अंग मागे वळवून माइकला पाठ दाखवणं हा आपल्या व्यासपीठांचा खास आजार आहे. आधी वळून मान लववा, मग माइककडे परत येऊन नाव घ्या.

‘घडी घातली म्हणजे मन बंद, नजर चोरली म्हणजे खोटं’

देहबोलीचा असा शब्दकोश नाही. हाताची घडी ही थंडी, खुर्चीला हात नसणं किंवा नुसती सवय असू शकते. खोटं ओळखण्याबाबत २००६ मध्ये शेकडो अभ्यासांचा मोठा आढावा झाला. माणसांचा अचूकपणा निघाला ५४ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडा बरा. वक्त्याने श्रोत्यांच्या घड्या मोजत बसू नये.

‘दोन मिनिटं वीरासारखे उभे राहा’

हा दावा २०१० च्या एका अमेरिकी प्रयोगातून आला. सहभागी ४२. ऐसपैस उभं-बसलं, की टेस्टोस्टेरॉन हे वर्चस्वाशी जोडलं जाणारं संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक घटतं, असं त्यात म्हटलं होतं. टेड या व्याख्यानमालेतल्या २०१२ च्या एका भाषणाने ते जगभर पोहोचलं. २०१५ मध्ये २०० जणांवर प्रयोग पुन्हा केला, तेव्हा संप्रेरकांत काहीच फरक दिसला नाही. ‘मला जरा बळ वाटतंय’ असं मात्र लोकांनी सांगितलं. मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. सहलेखिका एमी कडी यांचं म्हणणं आजही वेगळं आहे. बरं वाटत असेल तर खुशाल उभे राहा, अपाय काही नाही.

पण हातात दोनच मिनिटं असतील, तर ती माइकपाशी घालवलेली बरी. दांडी आपल्या उंचीला आणा, बटण कुठे आहे ते बघा, कागदांना पानांचे आकडे घाला आणि पिन काढा, म्हणजे पानं उलटताना खरखर होणार नाही. आणि माइक तपासताना ‘हॅलो, हॅलो’ म्हणू नका. भाषणातलं सर्वांत लांब वाक्य म्हणा, एकाला मागच्या दारापाशी उभं करा आणि त्याला विचारा, शेवटचा शब्द कोणता होता.