मॉर्फिनचा तो फॉरवर्ड

खारघरमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आणि ठाण्याच्या नातेवाइकांकडूनही सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन देऊ नका. व्यसन लागतं, श्वास थांबतो. अमेरिकेचं काय झालं पाहा. गरीब देशांना ते परवडत नाही, हे एका अर्थी बरंच!’ ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रामुळे पेशंटला घेऊन खारघरमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्या फोनवरही हे जात असणार, म्हणून उत्तर देतो. मॉर्फिन म्हणजे अफूपासून काढलेलं, तीव्र दुखण्यावरचं औषध.

आधी ‘परवडत नाही’. मॉर्फिनवर कुणाचं पेटंट नाही. युगांडात पावडर पाण्यात मिसळून बाटल्या भरतात, आणि प्रशिक्षित नर्सेसनाही ते लिहून द्यायची मुभा २००४ पासून आहे. आपली विहीर तर अंगणातच: मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. मग अडलं कुठे? कायद्यात. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात अनेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षं कैद होती आणि एका औषधासाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागायचे. एवढी जोखीम कोण घेणार? केमिस्टांनी आणि हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, पुढच्या दशकभरात देशातला वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना एकाच खात्याची परवानगी पुरेशी झाली. तरी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०१७ च्या हिशेबात भारताची गरज जेमतेम ४ टक्के भागत होती. त्याच हिशेबात, मॉर्फिनच्या मापात मोजलेली अशा जातीची औषधं जगात वर्षाला २९८.५ टन वाटली जात होती, त्यातलं सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन. याला ‘बरंच’ म्हणायला फार धीट मन लागतं.

व्यसनाचं म्हणाल तर, शरीराला औषधाची सवय होते हे खरं. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, एकदम बंद करत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच आहे, त्यांना कुणी नशा म्हणत नाही.

श्वासाची भीती डोस मनाने वाढवला तर रास्त आहे. डॉक्टर थोड्यापासून सुरुवात करून दुखण्याच्या अंदाजाने वाढवतात. किडनी कमजोर असेल तर जास्त जपतात. खरा रोजचा त्रास कोठा जड होण्याचा. त्यावर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच चालू ठेवायचं, हे मात्र कुठलाच फॉरवर्ड सांगत नाही.

अमेरिकेत वेदनाशामकांच्या व्यसनाची लाट आली हे खरं. पण तिथे १९९६ नंतर पर्ड्यू या औषध कंपनीने ऑक्सिकोंटिन हे वेगळं औषध साध्या कंबरदुखीवरही रेटून खपवलं. त्यात व्यसनाचा धोका कमी आहे अशी दिशाभूल केल्याचा गुन्हा तिच्या सहकंपनीने २००७ मध्ये कबूल केला. चार-चार तासांनी मोजून द्यायच्या मॉर्फिनच्या गोळीचा याच्याशी संबंध जोडणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे ही गोळी बहुधा मिळणार नाही. उपचार चालू असलेल्या हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा. पेशंटला आणणं जमत नसेल, तर फाइल घेऊन घरच्यांनी आलेलं चालतं का, हेही तिथेच विचारून घ्या.