'सॉफ्टवेअर आलं आणि लाच गेली' : जरा थांबा की

बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरालाय. सार एवढंच, की कर्नाटकानं सगळ्या सरकारी सेवा ऑनलाइन केल्या, जमिनीच्या नोंदींच्या 'भूमी' सॉफ्टवेअरमुळं लाच संपली, ऑफिसला जायची गरज उरली नाही, एजंट बंद झाले, मराठी माणसाची भाषेची कटकट ट्रान्सलेटच्या बटणानं सुटते, आणि हे सगळं एका आयएएसनं मनावर घेतलं म्हणून झालं, बाकीच्यांनी पण असंच ॲप काढावं. मेसेज पूर्ण खोटा असता तर सोडून दिला असता. पण अर्धा खरा आहे आणि तो अर्धाच जास्त घोळ घालतो, म्हणून एकेक घेऊया.

पहिलं, कॉम्प्युटर आला आणि लाच गेली. अहो कॉम्प्युटर तर आधीच आलेला की! केंद्राच्या योजनेतनं 1991 ला गुलबर्ग्यात जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात झाली होती. पण तलाठ्याचं हातानं लिहायचं दप्तर तसंच चालू ठेवलं, मग दप्तरात फेरफार होत गेले आणि कॉम्प्युटरमधली माहिती शिळी होत गेली, म्हणजे मशीन होतं पण त्याला विचारत कोण नव्हतं. 2000 च्या आसपास एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री असताना महसूल खात्यात राजीव चावलांनी भूमी उभी केली, सुमारे 2 कोटी उतारे, 67 लाखांच्या घरात शेतकरी. पण खरा घाव सॉफ्टवेअरनं नाही घातला, नियमानं घातला. एकेका तालुक्याचं काम पुरं झालं की तिथला हातानं लिहिलेला उतारा बेकायदा. खलास. जुनी वाटच बुजवली. तोवर राज्यातले 9,000 च्या आसपास तलाठी, एकेकाकडे तीन-चार गावं, आणि उतारा हवा तर आधी तो माणूस कुठं सापडतो ते शोधायचं. भूमी आल्यावर तालुक्याच्या काउंटरवर 15 रुपये टाकले की प्रिंट हातात मिळायला लागला.

आणि मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की काउंटरवर दुसरा स्क्रीन शेतकऱ्याकडं तोंड करून ठेवला होता, आत बसलेला माणूस तुमच्या सर्व्हे नंबरवर काय करतोय ते तुम्हाला बाहेरनं दिसतंय. फेरफारचे अर्ज आले त्याच क्रमानं घ्यायचे, खालचा वर काढता येत नाही. लॉगिनला बोटाचा ठसा, म्हणजे 'मी नाही केलं, दुसऱ्यानं केलं' म्हणायची सोय गेली. हे सगळे कुणाच्या हातातनं काय काढून घ्यायचं ह्याचे निर्णय आहेत, आणि ते घेताना खात्यातलीच माणसं नाराज होतात. ते अंगावर घेणं म्हणजे पुढारपण, ॲपचं उद्घाटन करणं नव्हे.

बरं, लाच संपली का? उताऱ्यापुरतं काउंटरवरचं दुकान बरंच बंद झालं हे मान्य. पण संपली म्हणणाऱ्यानं भावाभावांच्या वाटणीची मोजणी आणि 11ई नकाशा, म्हणजे जमिनीचा तुकडा वेगळा करायला लागणारा सरकारी नकाशा, करून घेऊन दाखवावा, मग बोलू. जिथं माणसाचा निर्णय शिल्लक आहे तिथं हेलपाटे शिल्लक आहेत.

दुसरं, ऑफिसला जायची गरज नाही. जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज मोबाईलवरनं भरता येतो, खरंय. पण पुढं तो तलाठ्याकडं आणि आरआयकडं, म्हणजे महसूल निरीक्षकाकडं, पडताळणीला जातो, आणि तिथं अडकला की तुम्ही गाडीला किक मारून नाडकचेरीला, म्हणजे महसूल खात्याच्या जवळच्या ऑफिसला, जाताच. ज्या घरांची माहिती तलाठ्यानं आधीच गोळा करून सिस्टीमला टाकली तिथं मात्र ओटीसी, म्हणजे काउंटरवर लगेच दाखला. फरक बघा, ॲप तेच, वेबसाइट तीच, फक्त पडताळणी अर्जाच्या आधी उरकली. हे कुणीतरी डोकं लावून ठरवलं होतं.

आणि मोबाईलचं म्हणाल तर ओटीपी. खानापूरकडची निम्मी तरणी पोरं गोव्यात नाहीतर पुण्यात, आधारला नंबर पोराचा. म्हातारी ग्रामवनच्या (GramaOne, गावातलं सरकारी सेवा केंद्र) काउंटरला उभी, ऑपरेटर म्हणतो "आज्जी, ओटीपी सांगा", आज्जी म्हणते "थांब बाबा, पोराला लावते", पोरगं वास्कोत शिफ्टला, उचलत नाही, तोवर ओटीपीची वेळ संपली आणि मागचा माणूस खाकरायला लागला. पावसाळ्यात आमगाव-गवाळीकडं रेंजच गेली तर तेवढंही नाही. ह्याला डिजिटल म्हणा, घरबसल्या म्हणू नका.

तिसरं, एजंट बंद झाले. ग्रामवनमध्ये बसणारा कोण आहे? एजंटच, फक्त आता त्याला बोर्ड आणि रेटकार्ड मिळालंय. ह्यात वाईट काही नाही, उलट दर लिहिलेला आहे ते बरं. पण 'मधला माणूस गेला' हे चूक, मधल्या माणसाला नियमात आणलं हे बरोबर.

चौथं, ट्रान्सलेट बटण. इथं मला राग येतो. सेवासिंधू, म्हणजे राज्याचं सेवांचं पोर्टल, कन्नड आणि इंग्रजीत, उतारा कन्नडमध्ये. फॉर्म कसाबसा भरता येतो, ऑपरेटर भरून देतो. खरी अडचण फेरफारच्या नोटिशीत आहे. ती कन्नडमध्ये येते, हरकत घ्यायची मुदत तिच्यात असते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसानं ती कपाटावर ठेवली की मुदत गेली. कागदावरच्या नोटिशीला बटण कुठं असतंय? कन्नड शिकू नये असं कोण म्हणत नाही, आमची पोरं फाडफाड बोलतात. पण घटनेच्या 350 व्या कलमात राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे, आणि ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणात जुन्यापासनं आहे. खानापूर तालुक्यात 15 टक्क्यांचा प्रश्न तरी येतो का? सॉफ्टवेअरला नोटीस दोन भाषांत छापणं काही अवघड नाही, कुणीतरी तसा आदेश काढावा लागतो. शिवाय नावांची भानगड वेगळीच, ज्ञानेश्वर शाळेत डीएनवायनं सुरू होतो आणि कन्नड रेकॉर्डवरनं इंग्रजीत आला की जेएननं, आणि मग आधार आणि उतारा जुळत नाही म्हणून एफआयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख नंबर, अडकतो. चूक ना शेतकऱ्याची, ना तलाठ्याची.

पाचवं, एका आयएएसनं मनावर घेतलं. चावला मोठेच, वाद नाही. पण पाठीशी सरकार होतं, एनआयसी (केंद्राची सरकारी कॉम्प्युटर संस्था) होती, आणि ते त्या कामावर टिकले. एरवी अधिकारी आला, पोर्टल काढलं, बदली झाली, पुढचा आला त्यानं दुसरं पोर्टल काढलं, हे आपण बघतोच. माणूस गेल्यावर जे टिकतं ते कायद्यात असलं तर टिकतं. सकालाचं घ्या, ठरल्या मुदतीत सरकारी सेवा द्यायचा 2011 चा कायदा, 2 एप्रिल 2012 पासनं सगळ्या राज्यात चालू, सुरुवातीला शालिनी रजनीश त्याच्या प्रमुख. मुदतीत काम झालं नाही तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, आणि ते जबाबदार माणसाकडनं. रक्कम किरकोळ आहे, खरंय, आणि मागायला सहसा कोण जात नाही. पण अर्ज दिल्यावर पावतीवर 15 आकडी नंबर येतो, त्याच्यासोबत काम कधीपर्यंत व्हायचं ती तारीख असते, आणि ती उलटली की वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. मेसेजमध्ये हा नंबर कुठंच नाही, ॲपची लिंक मात्र दोनदा आहे.