चषक घरी येऊ नये म्हणून

आइस हॉकीचा संघ पदरात पडलाय आणि स्टॅन्ली चषक (उत्तर अमेरिकेच्या एनएचएल लीगचं विजेतेपद) उगाच घरात येऊन बसेल अशी धास्ती वाटतेय? कॅनडाच्या टोरोंटो मेपल लीफ्स संघाची शिकवणी लावा. 1967मध्ये मॉन्ट्रियलला हरवून त्यांनी चषक घेतला, तेव्हा लीगमध्ये मोजून सहा संघ होते. त्यानंतर असला गाफीलपणा त्यांच्या हातून झालेला नाही.

पहिलं पथ्य ड्राफ्टचं. नव्या पोरांच्या या वार्षिक निवडीत तळाच्या संघांना आधी हात घालायला मिळतो, म्हणजे वाईट खेळण्याचंही फळ मिळतं. ते फळ आपण खायचं नाही. 1989मध्ये पहिल्या फेरीत तीन निवडी मिळाल्या, तर तिन्ही पोरं एकट्या बेलव्हिल बुल्स या ज्युनियर संघातून उचलायची. (स्काउटचा प्रवासखर्च वाचतो.) त्याच वर्षी टॉम कर्व्हर्स या बचावपटूसाठी 1991ची पहिल्या फेरीची निवड न्यू जर्सीला देऊन टाकायची. तिच्यावर त्यांनी स्कॉट नीडरमायर घेतला. त्याने पुढे चारदा चषक उचलला, काळजी नको, दुसऱ्यांसाठी.

चुकून पोरगा चांगला लागलाच तर? 2005मध्ये टोरोंटोला गोलरक्षक तुका रास्क लागला (देहूचा नव्हे, फिनलंडचा). वर्षभरात त्याची रवानगी बोस्टनला, बदल्यात दुसरा गोलरक्षक अँड्र्यू रेक्रॉफ्ट. 2009मध्ये फिल केसलसाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडीही बोस्टनलाच. त्यातल्या एकीवर टायलर सेगिन आला आणि 2011मध्ये बोस्टनने चषक नेला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं.

2013च्या बाद फेरीतला सातवा, निर्णायक सामना तर तोंडपाठच करा. प्रतिस्पर्धी अर्थात बोस्टन. तिसऱ्या सत्रात 4-1 आघाडी. दीड मिनिट उरलं तरी 4-2. मग झटपट दोन गोल खायचे आणि जादा वेळेत पाचवा. पलीकडच्या गोलात उभा कोण? तुकाच!

पुढे नायलँडर, मार्नर, मॅथ्यूज असे हिरे हाती लागले, तरी डगमगले नाहीत. लीगने घातलेल्या पगारमर्यादेतला मोठा वाटा मोजक्यांच्या खिशात घातला आणि 2018, 2019, 2024मध्ये सातव्या सामन्यात पुन्हा बोस्टनकडूनच हरले. 2025मध्ये चव बदलायला फ्लोरिडा, घरच्या बर्फावर 6-1.

प्रेक्षक रुसतील ही भीती सोडा. त्या दिवशी काहींनी चिडून जर्सी बर्फावर भिरकावल्या. फेकू द्या. नवी घ्यायला ते संघाच्याच दुकानात येणार.