ॲसिड आणि ब्लीच मोरीत एकत्र ओतू नका, कुणीही सांगितलं तरी

परवा मावशीचा फोन आला. "अगं, मोरी तुंबलीय. दोन्ही बाटल्या काढून ठेवल्यात. आधी ॲसिड ओतू की आधी ब्लीच? त्यात नीट लिहिलेलं नाहीये."

मावशी ६८ वर्षांची आहे. तिला दमा आहे आणि तिच्या न्हाणीघराची खिडकी वीतभर आहे. बाटल्यांना हात न लावता आधी बाहेर ये, एवढंच मी म्हटलं. ती बाहेर येऊन खुर्चीत बसेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

'त्यात' म्हणजे 'प्लंबरला कायमचा रामराम' या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप. मावशीला तो तिघांकडून आला होता, म्हणून तिला तो खरा वाटला. त्यात पाच उपाय दिले आहेत. तुंबलेल्या मोरीत ॲसिड आणि ब्लीच सारख्या प्रमाणात ओता आणि वर उकळतं पाणी टाका. बेसिनखालचा वाकडा पाइप काढून सरळ पाइप लावा, म्हणजे पुन्हा कधी तुंबणार नाही. गीझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकत असेल तर तिथे बूच मारा. नळ गळत असेल तर जोर लावून आवळा. आणि प्लंबर सगळेच लुबाडतात, बोलवायचाच झाला तर सगळ्यांत कमी पैसे सांगेल तोच बोलवा.

पहिल्या उपायाने माणूस मरू शकतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. त्यात ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, त्यामुळे वर न जाता जमिनीलगत साचतो. मोरीवर वाकून 'पाणी उतरतंय का' बघणाऱ्या माणसाचं तोंड नेमकं तिथेच असतं. डोळ्यांतल्या, घशातल्या, फुप्फुसांतल्या ओलाव्यात मिसळून तो तिथेच आम्ल तयार करतो. सुरुवातीला नुसता खोकला येतो आणि फुप्फुसात पाणी भरण्याचा त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो. वरून उकळतं पाणी ओतलं की वायू आणखी झपाट्याने सुटतो आणि ॲसिडचे शिंतोडे तोंडावर उडतात, ते वेगळंच.

"थोडंसं टाकलं तर काय होतंय?" हा मावशीचा पुढचा प्रश्न. त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल २०२० मध्ये एक अहवाल छापला. त्या वर्षीच्या पहिल्या तीन महिन्यांत साफसफाईच्या आणि जंतुनाशक रसायनांमुळे तिथल्या विषबाधा केंद्रांना ४५,५५० फोन आले होते, आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे २० टक्के जास्त. त्यात एका बाईंची हकीगत आहे. त्यांनी भाजीपाला धुवायला सिंकमध्ये पातळ केलेलं ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केलं. व्हिनेगर म्हणजे स्वयंपाकात वापरतो ते सौम्य आम्ल, मोरीतल्या ॲसिडपुढे काहीच नाही. तरीही त्यांना श्वास घेता येईना, अँब्युलन्स बोलवावी लागली आणि इस्पितळात ऑक्सिजन द्यावा लागला. त्या वाचल्या. एवढ्या सौम्य आम्लाने ही गत, मग मोरीतल्या ॲसिडने दमेकऱ्याचं काय होईल?

एवढं करून मोरीही मोकळी होत नाही. न्हाणीघराची मोरी तुंबते ती केसांनी आणि साबणाच्या थराने. केस थोडेफार विरघळवण्याची जी ताकद ब्लीचमध्ये असते, ती ॲसिड मारून टाकतं. म्हणजे दोन्ही बाटल्या वाया जातात आणि खोलीभर विष पसरतं. चुकून असं मिश्रण झालंच तर ते धुवायला किंवा त्यावर पाणी ओतायला थांबू नका. सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या. डोळे चुरचुरत असतील तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि खोकला थांबण्याची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

मावशीची मोरी शेवटी अशी मोकळी झाली: हातमोजे घातले, जाळी उचलली, तारेचं टोक आकड्यासारखं वाकवलं आणि आत घालून हळूहळू ओढलं. हातभर लांब केसांचा गुंता निघाला, त्यावर साबणाची करडी साय, आणि गुंत्यात अडकलेलं शाम्पूच्या बाटलीचं झाकण. ते झाकण कुठलंही ॲसिड विरघळवू शकलं नसतं.

आता तो वाकडा पाइप. हा उपाय लिहिणाऱ्याने बेसिनखाली डोकावून कधी विचारच केलेला नाही. त्या वळणाला ट्रॅप म्हणतात आणि त्यात पाणी साचून राहावं म्हणूनच तो वाकडा असतो. ते बोटभर पाणी गटारातला वायू घरात येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं, त्यात हे इंग्रजी 'एस'सारखं वळण होतं. अडीचशे वर्षं जगभरची घरं त्या वळणावर विसंबून आहेत. सरळ पाइप लावलात तर गटार आणि तुमचं घर यांच्यामध्ये काहीही उरत नाही. वास येईल, झुरळं येतील आणि हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायूही येईल. बरेच दिवस बंद असलेल्या न्हाणीघरात घाण वास येतो तो ट्रॅपमधलं पाणी सुकल्यामुळेच. तांब्याभर पाणी ओतलं की वास थांबतो. आणि ट्रॅप तुंबला तर खाली बादली ठेवून तो हाताने फिरवून काढता येतो, धुऊन परत बसवता येतो. तो काढून टाकायची गरजच नाही.

गीझरचं बूच. हाही जिवावर बेतणारा उपाय, पण समजायला सोपा. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटरच्या टाकीतलं पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की जवळजवळ पावणेचारशे मिलिलिटर जादा जागा मागतं. मागे नळीत जायला वाट नसेल तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं, आणि ठिबकलंच पाहिजे. तिथे बूच मारलंत आणि एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा भाग) बिघडला तर दाब निघायला दुसरा रस्ता नाही, टाकी फुटते. गीझर बंद असताना, पाणी गार असतानाही ठिबकत असेल तर मात्र व्हॉल्व्हमध्ये क्षार साचलेत किंवा लाइनचा दाब जास्त आहे. तेव्हा माणूस बोलवा.

नळ आवळण्याबद्दल फार लिहीत नाही. आत वॉशर झिजलेला असतो, जोर लावल्याने तो आणखी चिरडतो आणि त्याखालची बैठक खराब होते. कॉक बंद करून वॉशर बदला, पाच मिनिटांचं काम आहे. पण बदला नक्की. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ वर्षाला ११,००० लिटरहून जास्त पाणी घालवतो.

राहिला प्लंबरचा मुद्दा. काही जण लुबाडतात, हे मला मान्य करावं लागतं. माझ्याकडेही एकाने नुसता वॉशर गेलेला असताना अख्खा नळ बदलायला लावला होता. पण म्हणून सगळे चोर ठरत नाहीत, आणि सगळ्यांत स्वस्त माणूस हा त्यावरचा इलाज तर मुळीच नाही. कमी पैसे सांगणारा बरेचदा गळती शोधतच नाही, वरून सीलंट फासून जातो, आणि भिंतीतली ओल महिन्याभराने शेजारच्या खोलीत दिसते. त्याऐवजी काम सुरू होण्याआधी विचारा: नेमकं काय बिघडलंय, काय बदलणार, मजुरी किती, सामान किती, पुन्हा गळलं तर येणार का. काढलेला जुना भाग मागून घ्या. काम झाल्यावर तो समोर असतानाच पाणी सोडून बघा आणि सांध्याला कोरडा कागद लावा, बारीक गळती लगेच कळते.

आणि मोरीत आधी काही ओतलं असेल तर तो पाना लावायच्या आधी त्याला सांगा. ट्रॅप उघडताना प्लंबरचं तोंड ट्रॅपच्या खालीच असतं.