कुठल्या देवाला?

आषाढातल्या रविवारी चार जिवंत कोंबड्या मोटारीत घालून दिवे घाट चढणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे फक्त एकाच अर्थाने पाहिले जाते. पेट्रोल भरणाऱ्या मुलाने मागच्या काचेतून आत डोकावून अत्यंत आदराने विचारले, “कुठल्या देवाला?” मी खरे ते सांगितले, की कुठल्याच देवाला नाही, यांना रानात फिरवून संध्याकाळी परत आणायचे आहे. त्याने मीटरकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुढे काही न विचारता सुटे पैसे हातावर ठेवले.

आमच्या हडपसरच्या घरामागे दहा फूट बाय बारा फुटांचे अंगण आहे, त्यावर शहाबादी फरशी आहे आणि त्या फरशीवर ठकी, रखमा, मंजुळा आणि मामी अशा चार गावरान कोंबड्या नांदतात. (चौथीचे नाव मामी आहे, कारण ती लग्नघरी आलेल्या पाहुणीसारखी प्रत्येक वस्तूवर नापसंतीची नजर टाकत हिंडते. माझ्या खऱ्या मामींना तिचे नाव ठकीच आहे असे सांगितलेले आहे.) सासवडच्या अलीकडे मेहुण्यांच्या रानातले तीन गुंठे आम्ही भाजी करायला घेतले आहेत आणि दर रविवारी तिथे जातो. “अहो, आपण मातीत हिंडून येतो आणि त्या बिचाऱ्या फरशीवर नखे झिजवत बसतात,” असे पत्नी एकदा म्हणाली. त्यावर मी, वाफ्यांमध्ये हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळे खाणारी अळी, फार झाली आहे आणि कोंबड्या हुमणी वेचून खातात, ही वाचीव माहिती पुरवली. तिची करुणा आणि माझे कृषिशास्त्र यांचे त्या क्षणी एकमत झाले नसते, तर पुढचे काहीही घडले नसते.

कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, म्हणून तिला पहाटेच उचलावे, हे मला ठाऊक होते. परंतु टोमॅटोच्या दोन क्रेटांपैकी एक उलटा टाकून त्याचे झाकण कसे बांधावे, या प्रश्नात सुतळीसह माझी वीस मिनिटे गेली आणि तेवढ्यात उजाडले. तिघी सापडल्या, मामीला पकडायला पाऊण तास, एक घमेले आणि शेजाऱ्यांची झोप खर्ची पडली. शिवाय कोंबड्या बहुधा सकाळच्या वेळात अंडी घालतात, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. रखमाने बराच वेळ धीर धरला आणि वडकी मागे पडून मस्तानी तलाव खाली दिसू लागला, दोन मालट्रकांच्या मध्ये आमची गाडी अडकली, त्या ठिकाणी तिने अंडे घातले. घातल्यानंतर ती ओरडली, आणि त्या आनंदवार्तेला उरलेल्या तिघींनी अशी साथ दिली, की वाहतूक मोकळी करणारे हवालदार काठी खाली करून आमच्यापाशी आले. “कुठल्या देवाला?” त्यांनी विचारले. या वेळी मी नुसते “पुढे, सासवडकडे,” असे म्हणालो. “जा, जा, उशीर नका करू,” म्हणत त्यांनी आम्हाला ट्रकच्या आधी सोडले. जाऊन-येऊन लागणारे पेट्रोल धरले, तर ते अंडे आमच्या घराण्यातले सर्वांत महाग अंडे ठरावे.

रानात पोचल्यावर क्रेट उघडला. चौघींना एकदम एवढी माती पाहून भरून येईल, अशी पत्नीची अपेक्षा होती. चौघी क्रेटमध्येच बसून राहिल्या. मी क्रेट तिरका केला, तेव्हा त्या घरंगळत बाहेर आल्या आणि गाडीखाली जाऊन पुन्हा बसल्या, कारण त्यांच्या दृष्टीने तिथे निदान छत होते. पाऊण तासाने ठकीने एक पाय बाहेर टाकला, माती मागे ओढली, वाकून पाहिले, आणि तिच्या सात पिढ्यांचे ज्ञान एका झटक्यात जागे झाले.

हुमणीचे म्हणाल तर माझे शास्त्र खोटे नव्हते. मंजुळेला पांढरी, वाकडी, करंगळीएवढी अळी सापडली. शहाण्या प्राण्याने ती जागच्या जागी गिळली असती. मंजुळेने ती चोचीत धरली आणि पळत सुटली; ते पाहून उरलेल्या तिघी तिच्या मागे लागल्या. वांग्यांच्या सरीतून, मिरचीच्या रोपांवरून आणि पुन्हा वांग्यांतून ती वरात गेली. वाटेत मामीने अळी हिसकावली, मग वरात मामीच्या मागून निघाली. उकरलेल्या खड्ड्यात आणखी तीन हुमण्या उघड्यावर पडल्या होत्या. तिकडे कोणीही पाहिले नाही. एका हुमणीपायी मिरचीची अकरा रोपे आडवी झाली, म्हणजे हुमणीने एकटीने केले असते त्याहून जास्त नुकसान झाले.

मी तोवर मेथीचा वाफा करत होतो. पावसाने चार दिवस दडी मारल्यामुळे माती कोरडी आणि भुसभुशीत होती. ढेकळे फोडून, हाताने सपाट करून, बी फोकून वरून मातीची पातळ चादर ओढून मी कंबर सरळ केली आणि पाणी आणायला विहिरीकडे गेलो. परत आलो तेव्हा रखमा वाफ्याच्या मधोमध कुशीवर आडवी पडली होती. एक पंख पंख्यासारखा पसरलेला, पिसे फुललेली, डोळा अर्धा मिटलेला. पायाने ती माती उडवत होती आणि पंख झटकून ती पिसांच्या मुळाशी पोचवत होती. उवा-पिसवा झाडण्यासाठी कोंबड्या असे धुळीत लोळतात. मला राग यायला हवा होता. पण शहाबादी फरशीवर दीड वर्ष काढलेल्या त्या जिवाच्या चेहऱ्यावर असे काही समाधान होते, की मी भरलेली बादली घेऊन तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात उरलेल्या तिघी आल्या आणि त्यांनी माझे बी वेचून संपवले.

बांधापलीकडचे तात्या हे सगळे तंबाखू मळत पाहत होते. “साहेब, देवाला आणल्यात म्हणावं, तर तुम्ही त्यांनाच निवद दाखवताय,” एवढेच ते म्हणाले.

परतीची वेळ मी पाचची ठरवली होती. कोंबड्यांनी दिवेलागणीची ठरवली होती. सात वाजून गेल्यावर त्या ओळीने शेवग्यावर चढल्या. शेवग्याची फांदी किती ठिसूळ असते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, तरी एक पाय टाकून पाहिला. कडाड असा आवाज झाला आणि मी वाफ्यात बसलो; वाफा नुकताच भुसभुशीत झालेला असल्यामुळे लागले नाही. “अंधार पडू द्या, मग आपोआप हाताला येत्याल,” तात्या म्हणाले. पडलो त्या जागीच आम्ही दोघे बसून राहिलो. मिट्ट काळोख झाल्यावर तात्यांनी आणलेल्या शिडीवरून, वांगी तोडावीत तशा चारी कोंबड्या मी एकेक करून उतरवल्या. एकीनेही हूं की चूं केले नाही.

रानातून भाजी न नेता घरी जाणे बरे दिसेना, म्हणून सासवडला उलट जाऊन मेथीच्या दोन जुड्या विकत घेतल्या, क्रेटला टेकवून ठेवल्या आणि घाटाच्या वर चहाला थांबलो. चहावाल्या मावशींनी ग्लास देता देता गाडीत पाहिले. “अगं बाई, चारी तशाच? देवानं घेतल्या न्हाईत का?” पत्नीने त्यांना सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला घेतली, त्यात दुसरा चहा झाला. गाडी टपरीच्या ट्यूबलाइटखालीच उभी होती. आम्ही परत येऊन दार उघडले, तेव्हा त्या झगझगीत उजेडात चौघींना केव्हाच उजाडले होते. क्रेटच्या भोकांतून चार माना बाहेर आल्या होत्या आणि जुड्यांच्या जागी नुसत्या काड्या उरल्या होत्या.