आंबोलीला चालतंय

भाद्रपदातली दुपार. आठ दिवस पाऊस पिरपिरत होता, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नव्हते आणि बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरात पंखा पाचवर ठेवून मी आरशासमोर उभा होतो. अंगात गळ्यापर्यंत चेन ओढलेलं फुगीर निळं जाकीट. घामाच्या धारा लागलेल्या. आई वाती वळता वळता वर बघून म्हणाली, "आत आणि कोण हाय?"

शंका रास्त होती. जाकीट माझ्या मापापेक्षा एक नंबर मोठं होतं. ते मुद्दाम तसं घेतलंय, हे तिला पटवायचं तर गोष्ट दोन महिने मागे न्यावी लागली असती, आणि तेवढ्या वेळ त्या जाकिटात मी टिकलो नसतो.

दोन महिन्यांपूर्वी मी मनालीजवळच्या फ्रेंडशिप नावाच्या शिखरावर जायचे पैसे भरले होते. उंची ५,२८९ मीटर. नावावर जाऊ नका. बूट, क्रॅम्पॉन (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचे दाते), बर्फाची कुऱ्हाड हे सगळं तिथं भाड्यानं मिळणार होतं. यादीत एकाच ओळीपुढं 'स्वतःचे आणावे' असं लिहिलं होतं : इन्सुलेटेड जाकीट. मला वाटलं, एका संध्याकाळचं काम. खडेबाजारात जायचं, जाकीट घ्यायचं, येताना पाव किलो कुंदा आणायचा.

अडचण अशी, की आम्ही बेळगावकर जिला थंडी म्हणतो ती बहुतेक वेळा ओल असते. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस अंगावर घेतलेला माणूस 'गारठा' म्हटलं की आधी आभाळाकडं बघतो. डिसेंबरात पहाटे पारा १२-१३ वर आला की कानटोप्या बाहेर पडतात, खरं ती थंडी दुसऱ्या कपाला संपते. (हा 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या वाचकांनी घोटाळा करून घेऊ नये.) आमचे आजोबा खानापूरकडच्या शेतात भिजलेलं घोंगडं पांघरून दिवसभर उभे राहायचे. ओल्या लोकरीतही थोडी ऊब राहते, एवढंच थंडीचं शास्त्र आमच्या घरात वारशानं आलेलं.

पुढचं शास्त्र बायकोनं शिकवलं. ती शाळेत भूगोल शिकवते. "हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात. बेळगाव साडेसातशे मीटरवर. तू त्याच्या वर साडेचार हजार मीटर. म्हणजे २९ अंश वजा कर." इथं रात्री २० धरले तर तिथं उणे ९. "मनाली उत्तरेला आहे ते वेगळं. वारा वेगळा. आणि वर जायला रात्रीच निघतात ना?" मग वही मिटून म्हणाली, "विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत, तेवढं सांगून जा."

खडेबाजारातल्या पहिल्या दुकानदारानं माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि एक चकचकीत जाकीट टेबलावर टाकलं.

"हे घ्या साहेब. आंबोलीला चालतंय."

"खरं मी हिमालयात जाणार आहे."

तो आत गेला आणि दुप्पट जाड जाकीट घेऊन आला. "हे आंबोलीला लई चालतंय."

पुढच्या तीन दुकानांतही थंडीचं माप आंबोलीच होतं. दर हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या एका तिबेटी मावशींचा नंबर बायकोकडं होता. मी मोठ्या आशेनं फोन लावला. त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "मी इथल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतली वो. बर्फ मीपण टीव्हीवरच बघितलाय."

मग मी रात्री जागून वाचायला लागलो आणि खरा छळ सुरू झाला. जाकिटांत दोन पंथ आहेत. एक पिसांचा, म्हणजे बदक-हंसांच्या पोटाकडच्या त्या बिनदेठाच्या मऊ लवेचा. तिला डाऊन म्हणतात. दुसरा कृत्रिम तंतूंचा. डाऊन वजनाला हलकं, दाबलं तर मुठीएवढं होतं, ऊब भरपूर. खरं भिजलं की ओल्या कोंबडीगत अंग चोरून बसतं आणि मग त्याचा काही उपयोग नाही. कृत्रिम तंतू जड, थोराड, पण ओले झाले तरी थोडीफार ऊब धरून ठेवतात. म्हणजे आजोबांचं घोंगडंच. बेळगावच्या माणसानं पाऊस डोक्यात ठेवून कुठला पंथ धरला असता, हे सांगायला नको. मीही महिनाभर त्याच पंथात होतो.

आमच्याकडं एक वाद १९५६ पासून चालू आहे आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळं निकालाशिवाय संसार कसा करायचा, हे मला कुणी शिकवायला नको. खरं इथं ऑक्टोबरची तारीख ठरलेली होती.

डाऊनची प्रत मोजायचं एक परिमाण आहे, फिल पॉवर. ८०० फिल पॉवर म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम लव मोकळी सोडली तर ८०० घनइंच जागा व्यापते. मी लिटर काढले. १३ आले. दोन-तीन मोठे चमचे साखरेच्या वजनाची पिसं आणि जागा जवळजवळ तेलाच्या डब्याएवढी! ऊब पिसांची नसतेच, त्यांनी अडवून धरलेल्या हवेची असते. हे वडगावच्या गादीवाल्याला सांगितलं तर तो जराही चकित झाला नाही. "मग आम्ही कापूस कशाला पिंजतो?" म्हणाला. मी खूश झालो. लगेच त्यानं जाकिटात दोन किलो सावरीचा कापूस भरून द्यायची तयारी दाखवली, वर उशी फुकट. आख्खं जाकीट अर्ध्या किलोचं असतं म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं फसवल्या गेलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं.

आईला पिसांचं कळलं श्रावणात. "बदकाची? आणि सोमवारी घालून बघणार?" त्यानंतर जाकिटाची चर्चा अंगणात.

त्या दिवसांत मला एका माणसानं धीर दिला, आणि तो १९२२ साली एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेलेला होता. जॉर्ज फिंच. बाकीची मंडळी लोकरी कपड्यांत, आणि ह्यानं बलूनच्या कापडात आयडर बदकाची लव भरून कोट शिवून घेतलेला. आधी सगळे हसले. वर गेल्यावर त्याच कोटाचा त्यांना हेवा वाटायला लागला. ही हकीकत मी घरात तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "त्यानं शिवून तरी घेतला. तू अजून बघतोच आहेस."

आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार काका आहेत. बर्फात राहून आलेले. त्यांना मी डाऊन, कृत्रिम, सरळ टाके, खोक्यासारखे कप्पे असं सगळं सांगितलं. सरळ टाका जाकिटाच्या आरपार जातो, म्हणून त्या रेषेवर लव नसते आणि थंडी नेमकी तिथून शिरते, हेही सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते.

"तुम्ही कसं निवडलं होतं?"

"आम्हांस्नी कोण निवडायला सांगितलं बा? सही करायची आन् घ्यायचं." जरा थांबून म्हणाले, "मला दोन नंबर मोठं आलं होतं. बदलून मागितलं तर उस्ताद म्हणाला, अंगावरच्या सगळ्यावरनं घाल, मग बोल."

मला ते तेव्हा कळलं नाही. कळलं ते एका आइस्क्रीमच्या गोदामात.

एका मित्राची आइस्क्रीमची एजन्सी आहे. कोल्ड रूम उणे १८. दोन्ही पंथांची एकेक जाकिटं मागवून, लेबलं न तोडता, मी तिथं परीक्षा घ्यायला गेलो. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा बाजूला सारला आणि नाकातले केस कडक झाले. आधी कृत्रिम. अंगाबरोबरचं, मापाचं, आरशात शोभणारं. पाच मिनिटं बरी गेली. सातव्या मिनिटाला मनगटातून, दहाव्याला कमरेतून गारठा वर चढायला लागला. बटरस्कॉचच्या खोक्यांपुढं मी राष्ट्रगीताला उभं राहावं तसा उभा. तेवढ्यात तिथला कामगार आत आला. अंगात जुना स्वेटर, डोक्याला कानटोपी, बस्स. त्यानं पिस्त्याची खोकी उचलून इकडची तिकडं लावली, कपाळावर घाम आला त्याच्या! जाताना म्हणाला, "उभं राहू नका की वो. उभारला की संपला."

आणि डोंगरावर उभंच तर राहायचं असतं. चढताना अंग तापतं, तेव्हा जाड जाकीट घातलं तर आतूनच घामानं भिजायचं. ते पिशवीत ठेवायचं. मग दोरावरच्या जोडीदाराला सांभाळत कड्यावर ताटकळायची वेळ आली, की ते सगळ्याच्या वरून, वाऱ्याच्या जाकिटावरून, हेल्मेटवरून ओढायचं. म्हणून मोठं. म्हणून चेन खालूनही उघडणारी, नाहीतर कमरेच्या पट्ट्याला दोर कुठून लावणार? आणि चेनीला हातमोजा घालून धरता येईल अशी दोरी. उस्ताद बरोबर होता. तिथं ऑक्टोबरात बहुधा कोरडी थंडी असते, आमच्यासारखी पिरपिर नसते. मी पंथ बदलला. डाऊन, ८००, खोक्यांच्या कप्प्यांचं, एक नंबर मोठं. किंमत मी घरात निम्मी सांगितली आहे आणि हा लेख बायको वाचते, म्हणून इथंही लिहीत नाही.

दाबून ठेवलं तर लवेचा फुगवटा मरतो, म्हणून जाकीट देवघराशेजारच्या खुंटीवर मोकळं लटकतं. रात्री पाणी प्यायला उठलेली आई दोनदा दचकली आहे.

निघायला आठ दिवस राहिलेत. काल मित्राचा फोन आला, "आज माल मोजायचाय गा, तासभर आत उभारावं लागतंय. ते तुझं जाकीट पाठव की." हे चौथ्यांदा. आत्तापर्यंत माझं जाकीट उणे १८ मध्ये पाच वेळा जाऊन आलंय, त्यात मी बरोबर होतो एकदाच. परत आलं तेव्हा नाकाशी धरून बघितलं. सगळी मिळून ८०० फिल पॉवर बटरस्कॉच.